बोटीवर आजारी पडलात तर काय करायचं, पेडण्याच्या एका जुन्या तारवट्याकडून (म्हणजे खलाशाकडून)

आमच्या गोव्यातल्या पेडण्यात कुणाचा माणूस बोटीवर आजारी पडला की घरचे आधी देवाला गाऱ्हाणं घालतात आणि मग मुंबईच्या एजंटला फोन लावतात. देव निदान ऐकून तरी घेतो, एजंट फोनच उचलत नाही. मग कोणीतरी सांगतं की अमक्याला विचारा, तो चौदा वर्षं क्रूझवर होता, आणि लोक प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन माझ्या दुकानात येतात. मी वकील नाही हां, केबिन स्टुअर्ड होतो, म्हणजे प्रवाशांच्या खोल्या आवरणारा. पण ह्या भानगडीत मी स्वतःचे पैसे घालवलेत, पाठ घालवलीय, त्यामुळे पाय कुठे घसरतो ते मला नीट माहितीय. दरवेळी तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून आता एकदाच लिहून काढतो.

पहिली गोष्ट डोक्यात बसवा. बोटीवर नोकरीत असताना आजारी पडलात किंवा लागलं, तर उपचाराचा खर्च बोटीच्या मालकाचा. ही कंपनीची मेहेरबानी नाही, आणि नियम काही कालपरवाचा पण नाही. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ ओलेरों नावाचं बेट आहे, त्याच्या नावाने मध्ययुगात दर्यावरचे कायदे चालायचे, त्यात लिहिलेलं की खलाशी आजारी पडला तर कप्तानाने त्याला किनाऱ्यावर एखाद्या घरात ठेवायचं, उजेडाला मेणबत्ती द्यायची, सेवेला बोटीवरचा एक पोरगा ठेवायचा नाहीतर बाई लावायची, आणि बोटीवर मिळतं तसं जेवण द्यायचं. जहाज मात्र त्याच्यासाठी थांबणार नाही, हे पण त्यातच आहे. पुढे १८२३ मध्ये अमेरिकेत हार्डन विरुद्ध गॉर्डन म्हणून खटला झाला, त्यात जस्टिस स्टोरींनी सरळ हिशोब मांडला, की खर्च खलाशाच्या गळ्यात टाकला तर तो परक्या बंदरात पैशाविना मरेल, आणि मालकाच्या गळ्यात टाकला तर मालक आपसूक त्याच्या तब्येतीकडे लक्ष देईल. दोनशे वर्षं झाली ह्याला. मेणबत्तीच्या जागी एमआरआय आला, भांडण तेच आहे.

आजचा कायदा म्हणजे एमएलसी २००६, मॅरिटाइम लेबर कन्व्हेन्शन. जिनिव्हात फेब्रुवारी २००६ मध्ये पास झाला, जगात २० ऑगस्ट २०१३ पासून लागू, भारताने ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्य केला आणि आपल्याला ऑक्टोबर २०१६ पासून लागला. तो बोटीवर कुठल्याही कामाला असलेल्या सगळ्यांना लागतो. हे मुद्दाम सांगतोय कारण आपली अर्धी पोरं क्रूझवर वेटर, गॅली म्हणजे स्वयंपाकघर, लॉन्ड्री, बारमध्ये असतात आणि त्यांना वाटतं सीमेन म्हणजे फक्त डेक आणि इंजिनवाले. तसं नाही, बटाटे सोलणारा पण सीफेअररच. उलट मालीम किंवा कुटबणच्या ट्रॉलरवरचे कामगार ह्यात येत नाहीत, मासेमारीच्या बोटी वगळल्यात. आणि मांडवी-झुआरीत नदीतल्या नदीत फिरणाऱ्या खनिजाच्या बार्ज, मांडवीतले कॅसिनो, हेपण नाहीत, कारण निव्वळ नदीत चालणारी जहाजं ह्या कायद्याच्या बाहेर आहेत. त्यांचा रस्ता वेगळा, तिथे कामावर लागलं असेल तर कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा बघायचा.

निघायच्या आधी

हे बोटीवर चढायच्या आधी करायचं असतं आणि कोणी करत नाही, कारण तेव्हा डोक्यात बॅग, व्हिसा आणि चवथीला घरी असणार की नाही एवढंच असतं.

एजंटकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशांची भरती करायचं सरकारी लायसन्स, आहे का ते डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याच्या, वेबसाईटवर बघा. दोन मिनिटांचं काम आहे. लायसन्सवाला एजंट असला की बोटीचा मालक पनामात असो नाहीतर बहामात, भारतात तुमच्यासमोर पकडायला एक मान मिळते. लायसन्स नसलेल्याने पाठवलं आणि तुम्ही तिकडे आजारी पडलात तर इकडे तो माणूस सापडणार पण नाही. आणि नोकरी लावून देण्याचे पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा. मेडिकल सर्टिफिकेट, सीडीसी म्हणजे खलाशाचं सरकारी पुस्तक, पासपोर्ट ह्यांचा खर्च तुमचा, बाकी काही नाही, व्हिसाचा खर्चसुद्धा मालकाचा आहे. लाख-दोन लाख घेणारा एजंट तुम्ही आजारी पडल्यावर तुमच्या बाजूने भांडेल असं ज्याला वाटतं त्याला मी काय सांगणार.

कॉन्ट्रॅक्ट सही करायच्या आधी वाचायला आणि कुणाला तरी दाखवायला वेळ मिळणं हा तुमचा हक्क आहे, एमएलसीतच लिहिलंय. वाचताना फक्त चार जागा शोधा: आजारपणात पगार किती दिवस आणि नुसता बेसिक की बाकी धरून, घरी पाठवायचा खर्च, कायमचं अपंगत्व आलं तर रक्कम किती, आणि भांडण झालं तर कुठल्या देशाच्या कायद्याने. क्रूझच्या पोरांनी बेसिकवाली ओळ दोनदा वाचा. आपली कमाई टिपांवर असते, बेसिक चिमूटभर, आणि सिक पे ठरतो त्या चिमटीवर. घरी हप्ता मात्र पूर्ण कमाईवर काढलेला असतो, मग कळतं.

आता मेडिकल. खूप जणांना बीपी असतं, शुगर असते, आणि कोणीतरी शहाणा सांगतो की लिहू नको, मेडिकलच्या दिवशी सकाळी गोळी घेऊन जा, पास होशील. पास व्हाल पण. पण कायदा मालकाला खर्च नाकारायला ज्या मोजक्या फटी देतो त्यातली सगळ्यात मोठी हीच आहे, की नोकरीला लागताना आजार जाणूनबुजून लपवला. बाकीच्या दोन म्हणजे बोटीच्या कामाशी संबंध नसताना झालेली दुखापत, आणि स्वतः मुद्दाम केलेला उपद्व्याप. तुम्ही लपवून गेलात आणि तिकडे अटॅक आला, तर कंपनीचा वकील आधी म्हापशातल्या तुमच्या औषधांच्या दुकानाची जुनी बिलंच शोधेल असं समजा. उलट, फॉर्मवर बीपी लिहिलं, डॉक्टरने बघून फिट दिलं आणि मग काही झालं, तर त्यांना म्हणता येत नाही की लपवलं. तुम्हाला स्वतःलाच माहीत नव्हतं तरीपण ते लपवणं होत नाही. भरलेल्या मेडिकल फॉर्मची कॉपी मागून घ्या. देत नसले तर टेबलावर असतानाच मोबाईलने फोटो काढा, मी तर तसंच करायला सांगतो सगळ्यांना.

बोटीवर चढल्यावर पहिल्या आठवड्यात एक काम. क्रूच्या नोटीस बोर्डावर दोन सर्टिफिकेटं लावलेली असतात, सहसा पी अँड आय क्लबची, म्हणजे मालकाच्या विम्याची. एक आजारपण, अपंगत्व आणि मृत्यूच्या जबाबदारीचं, दुसरं मालकाने बोट सोडून दिली तर घरी पाठवण्याचं. १८ जानेवारी २०१७ पासून ही लावणं सक्तीचं आहे. दोघांचे फोटो काढून घरी पाठवून द्या, बायकोच्या, आईच्या, भावाच्या फोनवर. विमा कंपनीचं नाव आणि कॉन्टॅक्ट त्यावर असतो, आणि पुढे कंपनीने हात वर केले तर घरच्यांना थेट तिथे दार वाजवता येतं. मी चौदा वर्षांत त्या बोर्डावर फक्त बिंगोचा टाईम बघितला.

दुखायला लागलं त्या दिवशी

आता माझी गोष्ट सांगतो कारण त्याशिवाय ह्या भागाचं वजन कळणार नाही. २०१७ ची गोष्ट. एम्बार्केशनचा दिवस, म्हणजे तीन हजार लोक उतरले आणि तेवढेच चढले, माझ्या सेक्शनच्या सगळ्या गाद्या पालट्या करायच्या होत्या, एक गादी उचलताना कमरेत कट्ट झालं. मी काय केलं, तर काहीच नाही. क्रूच्या क्लिनिकला गेलो असतो तर लाईट ड्युटी मिळाली असती, लाईट ड्युटी म्हणजे टिपा नाहीत, आणि पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळेल की नाही ही भीती. म्हणून एका गोवेकर दोस्ताकडून पेनकिलर घेतल्या, तीन आठवडे ढकललं. मग एक दिवस डावा पाय बधीर झाला, लोखंडी जिन्यावर पाय ठेवला तर पाय आहे की नाही कळेना. तेव्हा गेलो डॉक्टरकडे. डॉक्टरने विचारलं कधीपासून, मी म्हटलं तीन आठवडे, विचारलं रिपोर्ट केलं होतं का, म्हटलं नाही. त्या 'नाही'ची किंमत पुढे मला लाखांत पडली.

म्हणून, दुखलं की त्याच दिवशी सांगायचं आणि ते कागदावर यायला हवं. नुसतं सुपरवायझरला तोंडी सांगून चालत नाही, सुपरवायझर दोन महिन्यांनी दुसऱ्या बोटीवर असतो आणि त्याला काही आठवत नसतं. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या, तीन दिवसांपेक्षा मोठ्या आंतरराष्ट्रीय सफरीच्या बोटीवर डॉक्टर असावाच लागतो, म्हणजे क्रूझवर क्लिनिक असतंच, तिथे जाऊन नोंद करायची आणि व्हिजिटची कॉपी मागायची. काय करताना, कुठल्या डेकवर, किती वाजता, सोबत कोण होतं हे सगळं नोंदीत यायला हवं. 'बॅक पेन' एवढंच लिहिलं तर उद्या म्हणतील घरूनच घेऊन आला होता. 'गादी उचलताना, अमुक डेक, सकाळी दहा' असं लिहायला लावा. आणि रात्री केबिनमध्ये गेल्यावर स्वतःच्या ईमेलवरून स्वतःलाच एक मेल टाका, तारीख आपोआप पडते, ह्याला पैसे लागत नाहीत.

मालवाहू बोटीवर वेगळं. वीस-पंचवीस माणसं, डॉक्टर नाही, एखाद्या ऑफिसरने मेडिकल केअरचा कोर्स केलेला असतो आणि औषधांच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे. तो काही सर्जन नव्हे, पण त्याला रेडिओवरून किंवा सॅटेलाईटवरून डॉक्टरचा सल्ला घेता येतो, दिवसरात्र, फुकट. इटलीत रोमला तर १९३५ पासून सीआयआरएम नावाची संस्था हेच काम करतेय, कुठल्याही देशाच्या बोटीला. म्हणजे छातीत दुखतंय आणि ऑफिसर गॅसची गोळी देऊन झोप म्हणतोय, तर त्याला स्पष्ट म्हणा की किनाऱ्यावरच्या डॉक्टरचा सल्ला घ्या, आणि सल्ला घेतल्याची नोंद लॉगबुकात करा. हे बोलायला लाज वाटते, नवीन पोरगा असला तर जास्तच, पण बोला.

बंदराला लागल्यावर डॉक्टरला किंवा दातांच्या डॉक्टरला दाखवायचा हक्क आहे, जमण्यासारखं असेल तिथे उशीर न करता. दातांचं मुद्दाम लिहितो कारण दाढ दुखते म्हणून कोणी मागत नाही, आणि दाढेने माणूस वेडा होतो. आणखी एक, कोविडमध्ये २०२० ला जे झालं ते सगळ्यांना आठवतंय, बंदरं आजारी माणसाला पण उतरवून घेत नव्हती. त्यावरून शिकून नियमात बदल केले, ते २३ डिसेंबर २०२४ पासून लागू आहेत, आता तातडीचा उपचार लागणाऱ्या खलाशाला लगेच उतरवून घेऊन किनाऱ्यावरच्या दवाखान्यात नेऊ देणं हे देशांवर बंधनकारक आहे.

आजार म्हणजे हाडं आणि पोटच असं नाही. सहा सहा महिने घराबाहेर राहून डोकं ठिकाणावर राहत नाही कधी कधी, झोप उडते, माणूस रेलिंगला जाऊन उभा राहतो. तोपण आजारच, त्याचीपण क्लिनिकमध्ये नोंद होते. सीफेअररहेल्प म्हणून एक फुकट हेल्पलाईन आहे, चोवीस तास, हिंदीत पण बोलतात.

साईन ऑफच्या कागदावर काय लिहिलंय

ह्या सगळ्या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

बोट सोडताना तुमच्या कागदावर कारण लिहिलं जातं. 'मेडिकल साईन ऑफ' लिहिलं तर तुमचा आजार कंपनीच्या अंगावर राहतो, तिकीट त्यांचं, उपचार त्यांचे, घरी आल्यावर सिक पे. 'ओन रिक्वेस्ट', 'पर्सनल रिझन', 'रिझाईन' असं काही लिहिलं तर तुम्ही स्वतःहून नोकरी सोडून गेलेला माणूस, मग आजार तुमचा तुमच्यापाशी. दोन शब्दांचा फरक.

माझ्या वेळी क्रू ऑफिसातला माणूस फार गोड बोलला. म्हणाला, मेडिकल लिहिलं तर पुढच्या वेळी फिट सर्टिफिकेट मिळायला त्रास होईल, पर्सनल लिहूया, दोन महिन्यांनी आराम करून परत ये, मी स्वतः तुला घेतो. पाय बधीर, रात्रभर झोप नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लाईट, मी केली सही. दाबोळीला उतरलो तेव्हा व्हीलचेअरवर होतो. मुंबईच्या एजंटला फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, सर तुम्ही तर पर्सनल रिझनने आलात. ऑपरेशन स्वतःच्या पैशाने केलं, त्यात बायकोच्या दोन बांगड्या गेल्या. ज्याने घेतो म्हटलं होतं त्याने माझा मेसेज वाचून ठेवला, निळ्या टिका दिसतात अजून.

तर समोर असा कागद आला तर काय करायचं? सही करू नका, कॅप्टनला भेटायचंय म्हणा. सही केल्याशिवाय सोडतच नसले तर सहीच्या शेजारी स्वतःच्या हाताने लिहा की मी आजारी आहे, डॉक्टरांनी अमुक तारखेला तपासलंय, मेडिकल कारणाने जातोय, आणि त्याचा फोटो काढा. इंग्रजी बिनचूक असायची गरज नाही. सोबत मेडिकल रिपोर्ट घेऊनच उतरा. बोटीवरच्या डॉक्टरसाठी आणि किनाऱ्यावरच्या डॉक्टरसाठी एक ठरलेला मेडिकल रिपोर्ट फॉर्म असतो, तो तुमच्याच उपचारासाठी आहे आणि गुप्त ठेवायचा असतो, तो मागणं म्हणजे काही गैर नाही. आणि बॅग राहिली मागे, लॅपटॉप राहिला, हॉस्पिटलमधून थेट विमानतळावर नेलं, असं झालं तर ते सामान सांभाळून परत पाठवणं हेसुद्धा मालकाचं काम आहे, कायद्यात वेगळं लिहिलंय.

घरी आल्यावर

घरी आल्यावर सगळे भेटायला येतात, सोलकढी होते, कोणी म्हणतं अमक्या वैद्याकडे जा. जा, पण त्याआधी एजंटला लेखी कळवा की मी आलो, मी आजारी आहे, मला कुठल्या डॉक्टरकडे पाठवताय. शक्यतो उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी. फिलिपिन्सच्या खलाशांच्या सरकारी करारात तर घरी आल्यावर कामाच्या तीन दिवसांत कंपनीच्या डॉक्टरसमोर हजर व्हायचं बंधन आहे, नाही झालं तर हक्क जाऊ शकतो. तुमच्या करारात अशी मुदत आहे का ते बघा, अन् नसली तरी तीन दिवसांचीच आहे असं धरून चला.

पैशाचं असं आहे. बोटीवर असेपर्यंत आणि घरी पोचेपर्यंत पूर्ण पगार. घरी आल्यानंतर पूर्ण की अर्धा ते देशाचा कायदा किंवा युनियनचा करार ठरवतो. उपचाराचा खर्च बरं होईपर्यंत, किंवा आता ह्यापुढे सुधारणा नाही असं डॉक्टर सांगेपर्यंत. पण देशाला ह्या दोन्हींवर मर्यादा घालायची मुभा आहे, आणि ती १६ आठवड्यांपेक्षा कमी असू शकत नाही. म्हणजे ११२ दिवस. हे दिवस घरी आल्यापासून नाही, दुखापत झाली किंवा आजार सुरू झाला त्या दिवसापासून मोजतात. म्हणजे महिनाभर तिकडच्या हॉस्पिटलात काढला तर तेवढे संपले. म्हणून पहिले दोन महिने नुसते आयुर्वेदिक तेल चोळत बसू नका, ऑपरेशन लागणार असेल तर त्याची मंजुरी त्या मुदतीतच मागा. काही युनियन करारांत सिक पे १३० दिवसांपर्यंत असतो, त्यामुळे तुमच्या बोटीवर युनियनचा करार आहे का ते विचारून घ्या.

दुसरा एक गोंधळ. कंपनीचा डॉक्टर म्हणतो फिट, तुमचा डॉक्टर म्हणतो अनफिट. अशा वेळी चिडून कंपनीच्या डॉक्टरकडे जाणं बंद करू नका, तिथेच तुम्ही उपचार नाकारले असं लिहिलं जातं. दोन्हीकडे जा. बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, दाखवा, सरकारी हॉस्पिटलच्या स्पेशालिस्टचा कागद कोणाला सहज फेकून देता येत नाही, आणि तो घेऊन लेखी कळवा की मत जुळत नाही, तिसरा डॉक्टर ठरवूया. बऱ्याच करारांत तिसऱ्या डॉक्टरची सोय असते.

माझ्या मावसभावाच्या मुलाचं २०२२ मध्ये झालं. गॅलीत होता, गरम तेल हातावर सांडलं. तेव्हा मी शहाणा झालो होतो, तो जायच्या आधीच त्याला दोन तास बसवून हे सगळं सांगितलेलं. त्याच दिवशी रिपोर्ट, फोटो, साईन ऑफवर मेडिकल, सगळं बरोबर केलं पोराने. तरी सोपं गेलं म्हणू नका. स्किन ग्राफ्टचा खर्च मिळाला, पण सिक पे यायला तीन महिने लागले आणि आला तो फक्त बेसिक. पण आला. त्याच्या आईला बांगड्या विकाव्या लागल्या नाहीत.

कंपनीने हात वर केले तर

बोटीवर असाल तर आधी बोटीवरच लेखी तक्रार. तक्रार कशी करायची त्याची कॉपी कॉन्ट्रॅक्टसोबत द्यावी लागते. आधी डिपार्टमेंट हेड, पण सरळ कॅप्टनकडे पण जाता येतं, सोबत एखादा माणूस नेता येतो, आणि तक्रार केली म्हणून त्रास देणं कायद्याने मना आहे. आता मना आहे म्हणून होत नाही असं मी म्हणत नाही. म्हणून दुसरा रस्ता, बंदराच्या अधिकाऱ्याकडे तक्रार, म्हणजे पोर्ट स्टेट कंट्रोल. ह्यात तुमचं नाव गुप्त ठेवतात. बोट मुरगावला लागली असेल तर इथे मर्कंटाईल मरीन डिपार्टमेंटचं ऑफिस आहे, युरोपात असेल तर तिथलं. गंभीर उल्लंघन सापडलं तर बोट बंदरात अडकवून ठेवायचा अधिकार त्यांना असतो, आणि अडकलेल्या बोटीचं रोजचं नुकसान एवढं असतं की कंपनीला अचानक तुमची फाईल सापडते.

घरी असाल तर एजंटला लेखी, मग डीजी शिपिंगकडे एजंटच्या विरुद्ध तक्रार, कारण लायसन्स तिकडूनच मिळालेलं असतं आणि तेच जायची भीती असते. युनियनचे मेंबर असाल तर नुसी (खलाशांची राष्ट्रीय युनियन) किंवा ज्या युनियनचे असाल तिथे जा, आयटीएफ म्हणजे वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे इन्स्पेक्टर पण मदत करतात. मग तो नोटीस बोर्डावरचा फोटो आठवा, पी अँड आय क्लबचा. करारात ठरलेली मृत्यूची किंवा कायमच्या अपंगत्वाची रक्कम मागायला तुम्ही किंवा वारस थेट विम्याकडे जाऊ शकता. ती रक्कम पूर्ण आणि उशीर न करता द्यायची असते, ठरल्यापेक्षा कमी घ्या म्हणून दबाव टाकायला बंदी आहे, आणि अपंगत्व किती ते ठरायला वेळ लागत असेल तर मधल्या काळात काही रक्कम द्यावी लागते. आणि पैसे घेताना 'आता माझा काही दावा राहिला नाही' अशी सरसकट सही मागतील. कराराची रक्कम घेतली म्हणून निष्काळजीपणाचा वेगळा दावा लावायचा हक्क जात नाही. एवढ्या एका कागदासाठी तरी वकिलाची फी द्या.

अमेरिकेशी संबंध असलेल्या बोटींचं थोडं वेगळं प्रकरण. तिथे 'मेंटेनन्स अँड क्युअर' म्हणून जुना नियम आहे, चूक कोणाची हे न बघता राहण्याखाण्याचा आणि उपचाराचा खर्च मालकाने द्यायचा, सुधारणा थांबेपर्यंत. मालकाने मुद्दाम टाळाटाळ केली तर दंडासारखी वेगळी भरपाई पण मिळू शकते, हे तिथल्या सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये म्हटलंय. चूक मालकाची असेल तर १९२० च्या जोन्स कायद्याने वेगळा दावा. पण मायामीच्या क्रूझ कंपन्यांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये हल्ली सहसा लवादाची अट असते, म्हणजे कोर्टात नाही जायचं, त्यांनी ठरवलेल्या देशात त्यांनी ठरवलेल्या कायद्याने. म्हणूनच वर म्हटलं ती चौथी ओळ वाचा.

आणि शेवटचं हत्यार, बोट अटक. हसू नका, खरंच बोटीला अटक होते. २०१७ चा ॲडमिरल्टी कायदा आहे, १ एप्रिल २०१८ पासून लागू, त्याने पगारासाठी आणि दुखापतीच्या दाव्यासाठी आपल्या किनाऱ्याला आलेली बोट उच्च न्यायालय अडकवून ठेवू शकतं, मुंबई उच्च न्यायालयाला तो अधिकार आहे आणि गोवा त्याच्याच हद्दीत येतं. बोट विकली गेली तर पैशांच्या रांगेत खलाशाचा पगार सगळ्यात पुढे, दुखापत आणि मृत्यूचा दावा त्याच्या मागोमाग, बँका नंतर. पण बोटीवरचा हा हक्क कायम राहत नाही, पगारासाठी दोन वर्षं आणि दुखापतीसाठी एकच वर्ष. लोक माझ्याकडे तिसऱ्या वर्षी येतात, पिशवी घेऊन, चहा पितात आणि मग सांगतात.

माणूस गेलाच तर, हे लिहायला जड वाटतं पण येतात अशी घरं, अंत्यसंस्काराचा खर्च मालकाचा, तो बोटीवर गेलेला असो की नोकरी चालू असताना किनाऱ्यावर. त्याचा तोपर्यंतचा पगार, सामान, सीफेअरर्स प्रॉव्हिडंट फंडातले पैसे, करारातली मृत्यूची रक्कम, हे चार वेगवेगळे हिशोब आहेत, एकात एक घालू देऊ नका. मृतदेह आणायच्या घाईत घरच्यांसमोर कागद ठेवतात. त्यावेळी सहीला घरातला असा माणूस बसवा जो रडत नाहीय.

हे सगळं सांभाळणार कोण, तर आजारी माणूस नाही, त्याच्याने होत नाही. घरातलं एक माणूस ठरवा. मावसभावाच्या पोराच्या वेळी ते काम वहिनीने केलं, ती सातवी शिकलेली, पण तिने शाळेची एक जुनी दोनशे पानी वही घेतली आणि प्रत्येक फोन लिहून ठेवला, तारीख, वेळ, कोण बोललं, काय म्हणालं, पुन्हा कधी फोन करायला सांगितलं. एजंट म्हणाला आम्ही तुम्हाला कधीच नाही म्हणालो नाही, तेव्हा तिने वही उघडून स्पीकरवर वाचायला सुरुवात केली, चौदा तारीख, अकरा वाजून दहा मिनिटं, तुम्हीच बोलला होता, तुम्ही म्हणालात साहेब जेवायला गेलेत. अकरा वाजता. पलीकडे बराच वेळ आवाजच नव्हता, मग त्याने अकाउंट नंबर विचारला.